कराचा रकाना

शारजाच्या एका शाळेत फी घेते मी, काचेआडून.
काचेला खाली एक भोक आहे, तिथून पैसे येतात.
बोलायचं भोक वेगळं, आणि ते चुकीच्या उंचीवर पडलंय,
म्हणून बायका टाचा उचलून बोलतात
आणि बाप लोक वाकून.

पावतीवर तीन रकाने. रक्कम, कर, एकूण.
शिकवण्याची फी : कर शून्य.
पुस्तकं : शून्य.
गणवेश : पाच टक्के,
टाय धरून. ह्या उन्हात टाय.
वाळवंटातली सहल : पाच टक्के,
कारण तिच्यात शिक्षण कमी आणि मौज जास्त.
म्हणजे पोरं हसली की कर लागतो,
असं मी एकदा म्हणाले.
हेडऑफिसचे कुरियनसर हसले नाहीत.

कुरियनसरांचं म्हणणं सरळ असतं.
न्हाव्याकडे कर आहे, धोब्याकडे आहे,
एसी दुरुस्तीला आहे,
मग शाळा काय आभाळातून पडली?
खासगी म्हणजे खासगी.
सेवा विकतो आपण, मिसेस केळुसकर, देऊळ नाही चालवत.
मी मान हलवते.
निम्मा पगार मान हलवण्याचाच आहे.

पण जेवणाच्या सुट्टीत डब्याचं झाकण बाजूला सारून
एका रद्द पावतीच्या पाठीवर मी हिशेब मांडला.
दुबईच्या अंगाला एक शाळा आहे, तिथे घोडे आहेत.
घोड्यांना एसी आहे.
वर्षाला नव्वद हजार दिरहम. कर शून्य.
आमचे सहा हजार. कर शून्य.
दोन्ही शून्यं दिसायला सारखीच, गोल, गरीब.
पण पाच टक्क्यांनी पोट फाडून बघितलं
तर एकात साडेचार हजार निघाले
आणि दुसऱ्यात तीनशे.
मोठ्याला माफीही मोठी,
हे बीकॉमला कुणी शिकवलं नव्हतं.

मग लावावा का कर?
लावा की घोड्यांवर.
रेघ कुठे ओढायची ते मला विचारू नका,
मी ओढली तर ती
इस्माईल परकारच्या पायाशी येऊन थांबते.

दाभोळचा. इंडस्ट्रियल एरियात गॅरेजला.
नखांत ग्रीस, पण नोटा इस्त्री केल्यासारख्या.
त्याच्या चार हप्त्यांचे मी नऊ करून दिले होते,
कुरियनसरांना अजून ठाऊक नाही.
मार्चमध्ये आला आणि मुलाचा दाखला मागितला.
मी म्हणाले, अहो, फीवर कर तर नाहीये.
तो म्हणाला, फीवर नाही बाई.
पण भाडं वाढलं, बस वाढली,
शून्य काय शिजवून खायचंय?

मला उत्तर सुचलं नाही.
तीनशे लागले असते तर तो एक वर्ष आधी गेला असता.
लागले नाहीत, तर एक वर्ष उशिरा गेला.
शून्याची किंमत बहुतेक तेवढीच :
एक इयत्ता. दुसरी, ब तुकडी,
खिडकीकडचा तिसरा बाक.

आता पोरगा दाभोळच्या शाळेत जातो, फुकट.
रात्री नऊला बाप फोन लावतो
आणि पाढे म्हणून घेतो.
तेरा साती... थांब. पुन्हा पहिल्यापासून.

परवा आला होता. दाखल्याचं काही राहिलं असेल, वाटलं मला.
त्याने खालच्या भोकातून रिचार्जची पावती सरकवली.
इतकी मिनिटं, इतके दिरहम,
आणि तळाला बारीक अक्षरांत पाच टक्के.
बाई, तो वाकून म्हणाला,
हे शिकवण्यात धरता येईल काय?

त्याच्या मागे अकरा माणसांची रांग.
मी पावती सुलटी केली, उलटी केली,
जणू मागच्या बाजूला
एखादा चौथा रकाना असेल.